आधी चौदा सुया, मग पाच, आता चार

पत्र : ताई, मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. वीस दिवसांपूर्वी, रविवारी, माझ्या जाऊबाईंच्या नऊ वर्षांच्या मुलाला गल्लीतलं कुत्रं पोटरीला चावलं. रक्त आलं. मामंजींनी जखमेवर चुना दाबला आणि पोराला मोटारसायकलवर बसवून पलीकडच्या गावातल्या एका आजोबांकडं नेलं. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुत्र्याचं औषध देतात. पैसे घेत नाहीत. पाल्याचा रस पाजला, महिनाभराचं पथ्य सांगितलं. सरकारी दवाखान्यात नेऊया असं मी म्हटल्यावर घरात रणकंदन झालं. आमचे हे गप्पच होते. सोमवारी मी शाळेला रजा टाकून पोराला स्कूटीवर घेऊन गेले. जखमेत आणि दोन्ही दंडांवर इंजेक्शनं दिली. तीन फेऱ्या झाल्या, पोरगं खेळतंय. मामंजी मात्र माझ्याशी बोलत नाहीत. बोलणं बंद करण्याआधी एवढंच म्हणाले : "तुझ्या डाक्टरनं सांगितलं, तू मान हलवलीस. आमच्या आज्यानं सांगितलं, मी हलवली. सुईत काय असतंय ते तू बघितलंयस काय? आधी चौदा सुया म्हणत होते, मग पाच झाल्या, आता चार म्हणतात. आज्याचं औषध माझ्या बापाच्या वेळेपासनं तेच हाय. मग पक्कं कुणाचं, सांग बघू." मला उत्तर देता आलं नाही. वर्गात मी रोज सांगते, कुणी सांगितलं म्हणून मानू नका. आणि स्वतः? मी ढोंगी आहे का? आणि मामंजींशी बोलू कसं?
— एक शिक्षिका

उत्तर :

प्रिय बाई,

आधी कामाचं. पत्रावरची तारीख धरून हिशेब केला तर रेबीजच्या लसीची चौथी सुई येत्या सोमवारी येते, पहिल्या सुईपासून अठ्ठाविसाव्या दिवशी. पोरगं खेळतंय म्हणून ती चुकवू नका. जखमेतही इंजेक्शन दिलं म्हणता, म्हणजे तिथल्या डॉक्टरनं काम नीट केलंय. रक्त आलेल्या चाव्याला ते लागतंच. आणि घरात सगळ्यांना एक सांगून ठेवा : पुन्हा असं काही झालं तर चुना नको, तिखट नको, हळद नको. नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा.

आता मामंजींचा प्रश्न. बाई, इतका नेमका प्रश्न मला एकतीस वर्षांच्या नोकरीत एकाही विद्यार्थ्यानं विचारला नाही. तुम्ही त्याला टोमणा समजलात म्हणून उत्तर सुचलं नाही. अर्धी बाजू त्यांची आहे, ती आधी देऊन टाका. सुईत काय असतं ते तुम्ही पाहिलेलं नाही. मीही नाही. इंजेक्शन देणाऱ्या नर्सनंही नाही. मी जन्मभर जे विज्ञान शिकवलं त्यातलं शंभरातलं एकही मी स्वतः मोजलेलं नव्हतं. पुस्तकात होतं, पुस्तक लिहिणाऱ्यानं दुसऱ्या पुस्तकात पाहिलं होतं. विज्ञानातसुद्धा माणूस बहुतेक वेळ दुसऱ्याच्या शब्दावरच जगतो. हे कबूल करायला आपल्याला, विशेषतः विज्ञानाच्या मास्तरांना, लाज वाटते. मग आपण "तज्ज्ञ सांगतात" असं जरा आवाज चढवून म्हणतो. मामंजींनी तो आवाज बरोबर ओळखला.

कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड तुम्हीही करून घेत असाल. माझ्या प्रयोगशाळेत दोनच सूक्ष्मदर्शक होते, त्यातल्या एकाचा आरसा फुटका. मुलं रांगेनं डोळा लावायची आणि जागेवर जाऊन आकृती काढायची. प्रत्येकाच्या वहीत पेशीचं केंद्रक बरोबर मधोमध, भोपळ्याच्या बीसारखं. स्लाइडमध्ये बहुतेक पेशींत ते कडेला ढकललेलं असतं, कारण मधली जागा मोठ्या रिक्तिकेनं, म्हणजे रसानं भरलेल्या पिशवीनं, व्यापलेली असते. एका वर्षी मी स्लाइड न लावताच मुलांना डोळा लावायला सांगितलं. निम्म्यांनी आकृती काढून आणली, केंद्रक मधोमध! मी खूप हसले, त्यांना रागावले, आणि घरी गेल्यावर आठवलं की फळ्यावर ती आकृती मीच काढली होती.

ही फक्त शाळकरी पोरांची गोष्ट असती तर सोडून दिली असती. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं किती, हे आज तुमच्या दहावीच्या मुलांना पाठ असतं : ४६. पण १९२३ साली अमेरिकेत टेक्सासच्या थिऑफिलस पेंटर यांनी मोजून ४८ सांगितली, आणि पुढची तीस-बत्तीस वर्षं जगभर ४८च चालली. पेंटर हुशार माणूस, मोजणी कष्टाची. पेशीत ती गुणसूत्रं एकमेकांवर पडलेली असायची, जवारीच्या वाळक्या धाटांच्या ढिगासारखी. १९५२ साली सू नावाच्या संशोधकाच्या प्रयोगशाळेत पेशी धुवायचं खारं पाणी चुकून कमी खारं झालं, पेशी फुगल्या आणि गुणसूत्रं सुटी सुटी पसरली. इतकं स्वच्छ दृश्य त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. सू यांनी मोजली आणि लिहिलं, ४८! स्वीडनमध्ये लुंडला एक गट गर्भाच्या यकृताच्या पेशींवर काम करत होता; त्यांना काही केल्या ४८ सापडेनात, ४६च भरायची, म्हणून त्यांनी काम सोडून दिलं. आपलंच चुकतंय, असं वाटलं त्यांना. शेवटी १९५५च्या डिसेंबरात त्याच लुंडमध्ये जो हिन त्यो यांनी पुन्हा मोजली, आणि १९५६ मध्ये त्यो आणि लेवान या दोघांनी ४६ असं छापलं.

म्हणजे तज्ज्ञही तज्ज्ञांच्या दबावाखाली असतात. डोळ्यांसमोर ४६ असताना तोंडून ४८ निघतं. हे मामंजींना जरूर सांगा, त्यांना फार आवडेल.

पण पुढचंही सांगा. ४८ चूक आहे हे आपल्याला कुणी सांगितलं? ज्या लोकांनी चूक केली त्यांच्याच धंद्यातल्या लोकांनी. पेंटरच्या विरोधात मोर्चा निघाला नाही, कोर्टात खटला झाला नाही. एकानं नवी पद्धत वापरून मोजलं आणि पद्धत छापून टाकली, तुम्हीही मोजा म्हणून. बाकीच्यांनी मोजलं, ४६ भरली, आणि पुस्तकं बदलली. वर पेंटरला खोटं पाडणाऱ्याचं नाव झालं. तज्ज्ञांच्या गोटात एकमेकांची चूक पकडण्यात फायदा असतो, ही बारीकशी गोष्ट माझ्या मते सगळ्या पदव्यांपेक्षा महत्त्वाची आहे.

चौदा सुयांचंही तसंच आहे. मामंजींनी तो आकडा ऐकून सांगितलेला नाही, त्यांच्या पिढीनं तो अंगावर घेतलेला आहे. माझ्या थोरल्या भावाला लहानपणी कुत्रं चावलं होतं. रोज एक, पोटावर, चौदा दिवस. आई त्याला धरायची आणि तोंड दुसरीकडं करायची. ती लस १९११ साली हिमाचलातल्या कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी तयार केली, मेंढीच्या मेंदूतून. आत विषाणू असायचा, कार्बॉलिक आम्लानं मारलेला. जीव वाचवायची, पण मेंदूचा अंश आत जायचा म्हणून काही लोकांना त्या सुयांनीच लुळेपणा यायचा. गावातली माणसं त्या सुयांना भ्यायची ती उगाच नाही, बाई. भीतीला आधार होता. दवाखान्याच्या वाटेवरून परत फिरून जो कुणी पाल्याचा रस प्यायला गेला, त्याला अडाणी म्हणताना माझी जीभ अडखळते.

ती लस कुणी बंद केली? तज्ज्ञांनीच. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर विषाणू वाढवून नवी लस झाली. ती दंडात पाच वेळा घ्यायची. आपल्या देशात मेंढीच्या मेंदूची लस बनवणं २००४ च्या अखेरीस थांबलं. मग असं दिसलं की हीच नवी लस स्नायूत न देता कातडीच्या आत थेंबभर दिली तरी शरीर तेवढंच सावध होतं, कारण रोगाशी लढणाऱ्या पेशींचा पहारा कातडीत जास्त असतो. म्हणून दोन्ही दंडांवर थोडी थोडी, चार फेऱ्या. आपल्याकडं ही पद्धत २००६ पासून आहे. एका बाटलीत जास्त माणसं होतात, सरकारी दवाखान्यात लस पुरते. चौदाचे पाच आणि पाचाचे चार झाले त्यामागं असा हिशेब आहे, आणि प्रत्येक वेळी आधीचा आकडा ज्यांनी सांगितला त्यांनीच तो मागं घेतला.

आजोबांच्या औषधात मात्र बापाच्या वेळेपासून काही बदललं नाही. इथं मामंजींना शांतपणे एक विचारायचं. चावलेल्यांतले किती त्यांच्याकडं आले, किती जगले, किती गेले, हे कुठं लिहिलेलं आहे का? नसणार. आणि लिहिलं नाही तर औषध कायम यशस्वीच दिसणार, कारण या रोगाची चालच तशी आहे. गल्लीत चावणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं, बहुतेक नसतातच. पिसाळलेलं असलं तरी ज्याला चावलं त्या प्रत्येकाला रोग होतो असं नाही. जखम किती खोल, कुठं, लाळ किती गेली, यावर असतं. म्हणजे आजोबांनी रस पाजला काय, नुसतं ताक पाजलं काय, त्यांच्या दारातून गेलेली बहुतेक पोरं ठणठणीतच राहणार. आणि एखादं दुर्दैवी पोर? विषाणू चाव्याच्या जागेपासून नसेतून मेंदूकडं हळूहळू सरकतो. साधारण एक ते तीन महिने, कधी त्याहून जास्त. तोवर औषध विसरलेलं असतं, पोर लांबच्या मोठ्या दवाखान्यात जातं, आणि गावात लोक म्हणतात, "पथ्य मोडलं असणार." पथ्याची ही सोय फार जुनी आहे. औषध कधी हरत नाही, हरतो तो रोगी. आणि एकदा लक्षणं दिसली की या रोगातून जवळजवळ कुणीच वाचत नाही. औषध चुकलं हे ज्याला कळलं असतं, तो सांगायला उरत नाही.

मी आजोबांना लबाड म्हणत नाही. पैसे न घेणारा माणूस लबाड कशाला असेल? त्यांचा स्वतःवर मनापासून विश्वास असणार, आणि का नसावा, त्यांच्या डोळ्यांसमोर तर सगळे बरे झालेले! त्यांना खोटं पाडायला दुसरा कुणी नाही, एवढंच त्यांचं दुर्दैव.

मामंजींनी 'सुईत काय असतं ते पाहिलंस का' विचारलं त्याचं उत्तर मला असं द्यावंसं वाटतं : पाहिलं नाही, पण बाटलीवर नंबर असतो. लसीचा घाणा बाजारात येण्याआधी त्यातला नमुना कसौलीच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासला जातो, आणि बाटलीवरच्या बॅच नंबरावरून मागं मागं जाता येतं. नंबराची किंमत काय ते हाफकिनना विचारा. मुंबईत प्लेगची लस काढणारे हे गृहस्थ. १८९७ च्या जानेवारीत पहिली सुई त्यांनी स्वतःला टोचून घेतली. आपल्या भागातही तेव्हा प्लेगनं घरं रिकामी केली होती, गावं शेतात जाऊन झोपड्यांत राहत, हे जुन्या लोकांकडून तुम्ही ऐकलं असेल. १९०२ साली पंजाबात मुलकोवाल गावी एकशे सात जणांना लस टोचली आणि त्यातले एकोणीस धनुर्वातानं मेले. चौकशी करणाऱ्या तज्ज्ञांनी ठपका ठेवला हाफकिनच्या प्रयोगशाळेवर. नोकरी गेली, बदनामी झाली. पण ते एकोणीसच्या एकोणीस लोक एकाच बाटलीतले होते, ५३-एन नंबरच्या. ती उघडताना गावात मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता त्याच चिमट्यानं बूच काढलं होतं. ही गोष्ट लोकांनी लावून धरली, इंग्लंडातल्या मोठ्या शास्त्रज्ञांनी वर्तमानपत्रात पत्रं लिहिली, आणि १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षं लागली, हे काही भूषण नाही. पण बाटलीला नंबर नसता तर ते आजही दोषी असते. किंवा लस दोषी असती, आणि मग प्लेगनं किती गेले असते कोण जाणे.

आता एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण ओळींच्या मधे मला दिसली. आजोबा मामंजींशी मराठीत बोलले. "कुणाचा रे तू? अमक्याचा नातू काय?" असं विचारून त्यांनी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला असणार. दवाखान्यात नंबर लावायचा, कागद कन्नडात, डॉक्टर इंग्रजीत लिहिणार, आणि "पुढचं कधी?" विचारलं तर नर्स घाईत बोट दाखवणार, त्या तक्त्यावर बघा म्हणून. तिचाही दोष नाही, बाहेर ऐंशी माणसं उभी असतात. पण आपल्या सीमाभागात शहाणपणाची भाषा एक आणि घरची भाषा दुसरी अशी फाळणी झाली आहे, आणि त्यामुळं जो आपल्या भाषेत बोलतो तोच खरा वाटतो. विश्वास आधी कानातून येतो.

शिवाय तुमच्या तालुक्याला तज्ज्ञांचा निराळा अनुभवही आहे. पश्चिम घाटाचं काय करायचं यावर २०११ साली गाडगीळ समितीनं एक सांगितलं, २०१३ साली कस्तुरीरंगन समितीनं दुसरं. डोंगर तेच, जंगल तेच, कुठला भाग राखायचा त्याच्या रेषा वेगळ्या. जंगलाकडच्या शेतकऱ्यानं यातून काय समजायचं? इथं मी मामंजींच्या बाजूनं आहे. कुठं किती झाडं, किती पाऊस, कुठले प्राणी, हे तज्ज्ञांना विचारावं. पण कुणी किती सोसायचं, कुणाच्या शेतावरून रेषा जायची, हा प्रश्न मोजपट्टीचा नाही. त्यात गावाचा शब्द तज्ज्ञाच्या शब्दाइतकाच चालला पाहिजे. गाडगीळांनी स्वतः ग्रामसभांना विचारा असं म्हटलं होतं. अडचण अशी होते की या प्रकरणात तज्ज्ञांवर चिडलेला माणूस कुत्र्याच्या चाव्यातही तज्ज्ञांवर चिडूनच बसतो. चिडायला हरकत नाही. फक्त विषाणूला ग्रामसभा समजत नाही.

तुम्ही ढोंगी आहात का? नाही. तुमचं वाक्य अर्धवट आहे एवढंच. "कुणी सांगितलं म्हणून मानू नका" हे ऐकायला झकास, पण त्यावर कुणी जगू शकत नाही. तुम्ही स्वतःही बस ड्रायव्हरचं लायसन्स तपासून बसत नाही. मुलांना त्याऐवजी विचारायला शिकवा : हे कुणी मोजलं, कसं मोजलं, आणि चुकलं असेल तर कुणाला कळेल? पुढच्या वेळी कांद्याची स्लाइड करताना पुस्तकं दप्तरात ठेवायला सांगा आणि फळा कोरा ठेवा. केंद्रक कडेला काढणाऱ्या पहिल्या पोराला माझ्याकडून एक पेन्सिल.

राहिलं घर. बाई, तुम्ही पोराला स्कूटीवर नेलंत ते शंभर टक्के बरोबर केलंत, त्याबद्दल माफी मागू नका. पण ते मामंजींच्या नाकावर टिच्चून झालं, आणि घरात वडीलधाऱ्याला आपला शब्द सुनेनं मोडलेला चारचौघांत दिसला. पोराच्या जिवासाठी त्यांनीही रविवारी उन्हातान्हात मोटारसायकल काढली होती. तुम्ही दोघं एकाच कामाला निघाला होता, वाटा दोन होत्या. हे त्यांना तुमच्या तोंडून एकदा ऐकू द्या. भाषण नको. चहा देताना, उभ्या उभ्या. (तुमचे 'हे' गप्प होते त्याबद्दल मला बरंच म्हणायचं आहे, त्यासाठी वेगळं पत्र पाठवा.)

मग त्यांना एक काम द्या. ते कुत्रं कुठं आहे? गल्लीतलंच आहे म्हणता, तर मामंजींना ठाऊक असणार. चावल्यापासून दहा दिवस उलटून गेल्यावरही ते धडधाकट फिरत असेल तर चावताना त्याच्या लाळेत हा विषाणू नव्हता. हा नियमही तज्ज्ञांचाच, पण पडताळायला पदवी लागत नाही, नजर लागते, आणि जनावर ओळखण्यात तुमच्या-माझ्यापेक्षा शेतकऱ्याची नजर पक्की. कुत्रं ठीक दिसलं तर तेही सोमवारी डॉक्टरला सांगा. पण कुत्रं दिसेल म्हणून सुई थांबवायची नसते, हेही त्यांच्या कानावर असू द्या.

सोमवारी पोराबरोबर मामंजींनाही न्या. नर्सला त्यांच्यासमोर विचारा : चौदाचे चार का झाले? ती कन्नडात सांगू लागली तरी चालेल. सीमाभागातल्या बाजारात बैलांचा सौदा करणाऱ्या माणसाला तेवढं कन्नड येतं. बाटलीवरचा नंबर त्यांना बघू द्या. कार्डावर चौथी तारीख त्यांच्या देखत लिहून घ्या आणि कार्ड त्यांच्याच खिशात ठेवा.

आणि परत येताना, त्यांची तयारी दिसली तर, गाडी त्या आजोबांच्या गावावरून घ्या. भांडायला नको. नमस्कार करा, औषध दिलंत, उपकार झाले म्हणा. मग मामंजींनाच विचारू दे : "तुमच्याकडं येणाऱ्याला रस द्याच, पण जखम साबणानं धुवून आधी दवाखान्यात जाऊन ये म्हणून सांगाल काय?" पैसे घेत नाहीत, म्हणजे गिऱ्हाईक जाण्याची भीती नाही. पंचक्रोशीत त्यांच्या एका शब्दानं जितकी पोरं दवाखान्यात पोचतील तितकी माझ्या या सदरानं पोचणार नाहीत. ते काय म्हणाले ते मला कळवा.

— तुमची ताई